बारा शब्दांची कुळकथा

ऑगस्ट 2010 मध्ये एका माणसाने आपल्या 9,000 बिटकॉइनपैकी 1 बिटकॉइन स्वतःलाच पाठवला आणि उरलेले 8,999 कायमचे गमावले. चोर नाही, व्हायरस नाही, आणि वॉलेटच्या फाइलचा बॅकअपही त्याच्याकडे होता. गोम व्यवहाराच्या रीतीत होती. दुकानात पाचशेची नोट दिली की सुटे परत मिळतात, तसेच बिटकॉइनमध्येही रक्कम मोडली की उरलेली परत येते. मात्र ती येते नव्या पत्त्यावर, आणि त्या पत्त्याची गुप्त किल्ली त्याच क्षणी तयार होते. बॅकअप घेतला तेव्हा ती किल्ली अस्तित्वातच नव्हती. संगणक बंद झाला आणि किल्ली पुसली गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरने 100 किल्ल्या आगाऊ तयार करून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे बॅकअप शंभर किल्ल्या वापरून होईपर्यंत चालायचा, नंतर पुन्हा नवा घ्यायचा. हा निव्वळ ठिगळाचा प्रकार होता. खरा उपाय 2011 मध्ये ग्रेगरी मॅक्सवेल यांनी मांडला: सगळ्या किल्ल्या एकाच मूळ संख्येपासून, ठरावीक गणिताने काढायच्या. मग एक संख्या जपली की पुढची सगळी वंशावळ हवी तेव्हा पुन्हा उभी करता येते. फेब्रुवारी 2012 मध्ये पीटर वुइल यांनी या वंशावळीला फांद्या-उपफांद्यांची शिस्त लावली. आज जवळपास प्रत्येक वॉलेट तीच पाळते.

प्रश्न उरला तो त्या मूळ संख्येचा. दशमान पद्धतीत ती 39 आकड्यांपर्यंत जाते. ती हाताने उतरवताना एक आकडा चुकला की संपले.

याचे उत्तर मात्र बिटकॉइनच्या जन्माआधी सुमारे चौदा वर्षे तयार होते, आणि या साऱ्या कुळकथेत मला सर्वांत मौजेचा वाटतो तो हाच पूर्वज. 1990च्या आसपास अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेत एकदाच वापरायच्या पासवर्डची एस-की नावाची पद्धत निघाली. तिच्यातला 64 बिटांचा, म्हणजे 64 शून्य-एकांचा, आकडा माणसाला टाइप करता यावा म्हणून सहा छोट्या इंग्रजी शब्दांत मांडत. डिसेंबर 1994 मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या डॅनियल मॅकडोनाल्ड यांनी तीच रीत 128 बिटांच्या किल्ल्यांसाठी लिहून काढली. शब्दसंग्रह 2048 शब्दांचा, एकही शब्द चार अक्षरांहून लांब नाही. 2048 म्हणजे दोनाचा अकरावा घात, म्हणून एक शब्द अकरा बिटे वाहतो. सहा शब्दांत 66 बिटे मावतात: 64 किल्लीची, 2 चूक पकडण्यासाठी. 128 बिटांना लागतात बारा शब्द. म्हणजे वॉलेटची मूळ संख्या आज ज्या शब्दांत उतरवतात, त्या सीड फ्रेजचे 2048 आणि 12 हे दोन्ही आकडे 1994 च्या त्या कागदात आहेत.

बिटकॉइनच्या जगात बारा शब्द आणले ते थॉमस व्होगट्लिन यांच्या इलेक्ट्रम या वॉलेटने, नोव्हेंबर 2011 मध्ये. त्यांच्या यादीत शब्द होते 1626. हा आकडा विचित्र दिसतो, पण तीन शब्दांत 32 बिटे जेमतेम बसवायला तेवढेच लागतात. आणि हे शब्द उचलले होते समकालीन इंग्रजी कवितेत वारंवार येणाऱ्या शब्दांच्या यादीतून! तिजोरीच्या किल्लीला कवितेचा कच्चा माल वापरणारा हा गृहस्थ मला फार आवडतो.

त्याच सुमारास काही लोक उलट वाटेने गेले. वाक्य स्वतःच मनाशी ठरवायचे, डोक्यात ठेवायचे आणि त्यावरून किल्ली काढायची. याला ब्रेन वॉलेट म्हणत. पण माणूस स्वतः निवडतो ते गाणे, वचन किंवा म्हण दुसऱ्यालाही सुचतेच. 2015 मध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन परिषदेत रायन कॅस्टेलुची यांनी अशी वाक्ये प्रचंड वेगाने ताडून पाहणारे साधनच दाखवले. शब्द माणसाने लिहावेत, निवडावेत मात्र यंत्राने, हे तेव्हा पुरते पटले.

आजची प्रचलित यादी प्रागची. मारेक पालातिनुस यांच्या मायनिंग पूलमधून, म्हणजे मिळून बिटकॉइन 'खणणाऱ्यांच्या' गटातून, मार्च 2012 मध्ये 3,094 बिटकॉइन चोरीला गेले होते. तेच पालातिनुस आणि पावोल रुस्नाक ट्रेझर हे किल्ल्या संगणकाबाहेर जपणारे छोटे हार्डवेअर वॉलेट घडवत होते. त्याच्या इवल्याशा पडद्यावरून माणसाने हाताने उतरवून घ्यावे असे काहीतरी हवे होते. सप्टेंबर 2013 मध्ये आणखी दोघांच्या साथीने त्यांनी बिप-39 हे मानक मांडले: पुन्हा 2048 शब्द, पण निवडीत खरी कारागिरी. पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता आलाच पाहिजे, आणि एकमेकांसारखे दिसणारे शब्द टाळायचे. 'अबँडन'पासून 'झू'पर्यंतच्या या यादीत मँगो, टायगर, जिंजर सगळे आहेत. बारा शब्दांच्या 132 बिटांपैकी शेवटची चार पडताळणीची, म्हणून मनाने कोणतेही बारा शब्द जुळवले तर सोळांतून पंधरा वेळा वॉलेट ते नाकारते. व्होगट्लिन यांना मात्र हे मानक पटले नाही. शब्दांत आवृत्तीचा क्रमांक नाही, तर पुढे किल्ल्या काढण्याची रीत बदलल्यावर जुन्या कागदाचे काय, असा त्यांचा आक्षेप. तो अगदी रास्त होता, पण चालले ते बिप-39च.

शब्द कितीही नीट निवडले तरी त्यामागचा आकडा खरोखर यदृच्छेने आलेला हवा. 2023 मध्ये उघड झाले की एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 24 शब्दांमागे प्रत्यक्षात फक्त 32 बिटांची यदृच्छा होती. घड्याळ शून्यावर ठेवून चालवले की ते पहिले दोन शब्द 'मिल्क सॅड' देई, आणि त्या दोषाला तेच नाव पडले.

कागद जळतो, भिजतो, म्हणून पुढे शब्द कोरायच्या पोलादी पट्ट्या आल्या. एकच कागद चोराच्या हाती लागू नये म्हणून अदी शामीर यांची 1979 ची गुपित वाटून ठेवण्याची युक्ती 2019 मध्ये ट्रेझरमध्ये आली: पाच तुकडे करा, कोणतेही तीन जमले की पुरे.

बिप-39च्या याद्या इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, झेक आणि पोर्तुगीज भाषांत आहेत, एकाही भारतीय भाषेत नाही. तसेही बहुतेक वॉलेट इंग्रजीच ओळखतात. तेव्हा शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे न लिहिता रोमन स्पेलिंगसह, क्रमांक घालून लिहा. फोनवर फोटो काढू नका. घरातल्या एका विश्वासू माणसाला तो कागद कशाचा आहे आणि कुठल्या वॉलेटचा आहे, एवढे सांगून ठेवा. आणि मोठी रक्कम ठेवण्याआधी वॉलेट एकदा पुसून, फक्त त्या कागदावरून परत उभे करून पाहा.