‘बीट’ : एका शब्दाचा प्रवास आणि एक समीक्षासंज्ञा

साठोत्तरी मराठी कवितेची चर्चा करताना अमेरिकेतील ‘बीट’ पिढीचा उल्लेख अनेकदा होतो. ‘बीट’ ही संज्ञा तेथे बंडखोरी, भटकेपणा आणि संकेतभंग यांच्या खुणेसारखी वापरली जाते. या शब्दाला स्वतःचा एक इतिहास आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. समीक्षेतील संज्ञा दैनंदिन भाषेतूनच वर येतात आणि येताना जुने अर्थ बरोबर घेऊन येतात. म्हणून आधी हा शब्द रस्त्यावर कसा वावरला ते पाहणे इष्ट ठरेल.

‘बीट’ या इंग्रजी क्रियापदाचे मूळ जुन्या इंग्रजीत आहे आणि त्याचा मूलार्थ ‘मारणे, आघात करणे’ असा आहे. लयीशी त्याचा संबंध नंतरचा. गायकवृंदाला कालमान कळावे म्हणून हात वरखाली करण्याची पद्धत युरोपीय संगीतात होती. त्या हाताच्या आघातावरून कालाच्या एककालाच ‘बीट’ म्हटले जाऊ लागले. हृदयाचा ‘बीट’ हाही आघातच. मराठीने येथे ‘ठोका’ हा शब्द योजला असून तो हृदय आणि घड्याळ या दोहोंना चालतो. मात्र संगीतात आपण ठोका मोजत नाही, मात्रा मोजतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी येते आणि नवव्या मात्रेवर खाली येते. खालीवर टाळी वाजत नाही, तरी ती तालाचे अंग असते. ‘बीट’मध्ये आघात मूळ आणि काल त्यातून निष्पन्न झालेला, ‘मात्रे’त मापन मूळ आणि आघात त्यावर ठेवलेला.

याच शब्दाची दुसरी शाखा पायांशी निगडित आहे. वाट तुडवणे म्हणजे पावलांनी जमिनीवर आघात करणे. रोज तुडवायची ठराविक वाट म्हणजे पहारेकऱ्याचा ‘बीट’. लंडनमध्ये १८२९ साली महानगर पोलीस दल स्थापन झाले, तेव्हा शिपायांच्या नेमून दिलेल्या फेऱ्या हाच त्याच्या कामाचा पाया ठरला. ब्रिटिश प्रशासनाबरोबर हा शब्द आपल्याकडेही आला. आज पोलीस ठाण्यात ‘बीट हवालदार’ असतो, शिक्षण विस्तार अधिकाऱ्याकडे शाळांचे ‘बीट’ असते, वार्ताहराला ‘क्राइम बीट’ मिळते. वनखात्याने परिक्षेत्र, परिमंडळ आणि नियतक्षेत्र अशी मराठी परिभाषा सिद्ध केली, तरी वनरक्षकाच्या तोंडी नियतक्षेत्राऐवजी ‘बीट’च असते. या सर्व उपयोगांत आघात लोपला आहे आणि उरली आहे ती पुनरावृत्ती व हद्द. शिकारीतही झुडपे झोडपून सावज बाहेर काढणे म्हणजे ‘बीट’. मराठीने तेथे ‘हाका’ हा आवाजावरून आलेला शब्द वापरला आणि ‘रान उठवणे’ हा वाक्प्रचार घडवला. मंडईतले बीट मात्र या कुळातले नव्हे. तो लॅटिन ‘बेटा’पासून आलेला निराळा शब्द आहे.

तिसरी शाखा भूतकालवाचक धातुसाधिताची. मार खाल्लेला तो ‘बीट’. म्हणजे थकलेला, हरलेला, खिशात काही न उरलेला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर परिसरातील फिरस्त्यांच्या बोलीतला हा शब्द हर्बर्ट हंकी याच्याकडून जॅक केरुॲक व त्याच्या मित्रांपर्यंत १९४०च्या दशकात पोहोचला. १९४८ साली जॉन क्लेलन होम्सशी बोलताना केरुॲकने तो आपल्या पिढीला लावला आणि होम्सने १९५२ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मधील लेखाद्वारे तो सर्वतोमुखी केला. पुढे केरुॲकने त्याचा संबंध ‘धन्यता’वाचक लॅटिन शब्दाशी जोडला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा संबंध खरा नाही. तो श्लेष आहे. परंतु श्लेषाने हरलेपणाचेच कृपेत रूपांतर केले, आणि जाझच्या ठेक्याचा अर्थ तर आधीपासून होताच. पराभव, ठेका आणि धन्यता हे तीन अर्थ एकत्र नांदल्यामुळे हा शब्द एका वाङ्मयीन पिढीला पुरला. एप्रिल १९५८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा स्तंभलेखक हर्ब केन याने ‘स्पुटनिक’च्या धर्तीवर ‘बीटनिक’ हा शब्द काढला आणि पिढीची फॅशन झाली.

मराठी समीक्षेने स्वीकारला तो बहुधा हा शेवटचा अर्थ. येथे कालक्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. ॲलन गिन्सबर्गचे ‘हाउल’ १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि तो फेब्रुवारी १९६२मध्ये मुंबईस आला. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांचे ‘शब्द’ हे अनियतकालिक १९५४ सालचे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ तर १९४७मध्येच प्रसिद्ध झाल्या होत्या. याचा अर्थ संपर्क झाला नाही असा नव्हे. गिन्सबर्गच्या येण्याने अनियतकालिकांच्या वातावरणात भर पडली असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या चळवळीचा आरंभ आधी झाला, तिला नंतरच्या भेटीचा परिणाम मानता येणार नाही.

आक्षेप ‘बीट’ या शब्दावर नसून त्याच्या अर्धवट आयातीवर आहे. पराभवाचा आणि ठेक्याचा अर्थ गाळून केवळ बंडखोरीचा अर्थ घेतला, की ती संज्ञा कवितेविषयी काही सांगत नाही; कवीच्या राहणीविषयी सांगते. कोलटकर पखवाज शिकले होते. त्यांच्या कवितेतील लयीचा शोध घेताना बोलीचा झोक, पखवाजाची मात्रा आणि अमेरिकन गाण्याचा ठेका यांतले कोणते कोठे काम करते, हे ओळीओळीने दाखवावे लागेल. ‘प्रभाव’ या शब्दाने ते काम टाळता येते, एवढेच.

पोलिसाच्या ‘बीट’प्रमाणे समीक्षकाचीही एक रोजची वाट असते, आणि तीच ती तुडवत राहिल्याने हद्दीपलीकडचे दिसेनासे होते. संज्ञेचा इतिहास तपासणे म्हणजे ही हद्द कोणी आणि केव्हा आखली, ते विचारणे होय.