गिऱ्हाईक का थांबतं?

मंडळी, आजचा विषय शेअर बाजाराचा असला, तरी आपण भाव बघणार नाही, इतिहास बघणार आहोत. कोणती कंपनी वीस वर्षांनीही भक्कम असेल, हा प्रश्न चकलांब्यात काय किंवा आपल्या बीड जिल्ह्यात काय, आता नुसता पुस्तकी राहिलेला नाही. मल्टिस्टेट पतसंस्थांत कितीजणांच्या ठेवी अडकल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. कापूस विकून आलेला पैसा, निवृत्तीचा पैसा. आणि आता तरुण पोरं मोबाइलवरच्या टिपा ऐकून शेअर घेताहेत. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातल्या तीन उद्योगांना आपण एकच प्रश्न विचारू: गिऱ्हाईक तुमच्या दारात का थांबलं?

पहिला उद्योग ओगल्यांचा. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला काच कारखाना उभा राहिला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. माल चांगला, नाव मोठं. पण वीज आली, आणि कंदील माळ्यावर गेला. पुढे कारखानाही बंद पडला. दुसऱ्या कंदीलवाल्यानं ओगल्यांना हरवलं नाही, गरजच सरली.

दुसरा उद्योग बजाजचा. १९७२ मध्ये ‘चेतक’ स्कूटर आली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. पण हे थांबणं नीट तपासा. त्या काळी किती गाड्या काढायच्या, हेही सरकारी परवान्यावर ठरायचं. दुसरीकडे जावं, तर दुकानं मोजकीच. १९९१ नंतर दारं उघडली, मोटरसायकली पुढे गेल्या, आणि २००९ मध्ये कंपनीनं स्कूटर बंद करायचं जाहीर केलं. कंपनी मात्र टिकली, कारण २००१ मध्ये ‘पल्सर’ आणून ती मोटरसायकलीच्या बाजारात पाय रोवून उभी होती. परवान्यानं दिलेली मक्तेदारी गेली. स्वतः कमावलेलं उरलं.

तिसरा उद्योग किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन बाधते असं म्हणून शेतकरी तो घेईनात. तरी ते थांबले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. नांगरानंतर पंप आले, इंजिनं आली. माल बदलत गेला, ओतकामाचा हात आणि शेतकऱ्याचा विश्वास तोच राहिला. आज आपल्याकडे विहिरीवर पंप बसवताना माणूस ते नाव ओळखतो.

तत्त्वज्ञानात उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद करतात. मडक्याचं उपादान माती, निमित्त कुंभार. एखादं मडकं फुटतं. कुंभाराचा हात शाबूत असेल, तर दुसरं घडतं. आपण बहुतेक वेळा मडक्याकडे बघून पैसे लावतो.

वॉरन बफे कंपनीच्या अशा टिकाऊ बळाला किल्ल्याभोवतीचा खंदक म्हणतात. पण खंदकात पाणी कुठून येतं, हे बघायला हवं. गिऱ्हाईकाला दुसरीकडे जाता येत नाही म्हणून ते थांबलंय, की जावंसं वाटत नाही म्हणून? पहिलं बळ एका सरकारी आदेशानं आटतं. दुसरं सावकाश साठतं. आणि दोन्हींच्या आधी विचारायचं: ही गरज वीस वर्षांनी असेल का?

मग कंपनीचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल काढा. ते फुकट मिळतात. कच्चा माल महागला त्या वर्षी नफा टिकला का, कर्ज वाढत गेलं का, धंद्यात घातलेल्या भांडवलावर दरसाल काय सुटलं, एवढं वहीत मांडा. उत्तम कंपनीही अवाच्या सवा भावात घेतली, तर पदरी नुकसानच पडतं, हेही त्याच वहीत लिहून ठेवा.

बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, चाल बघतो, चार माणसांना विचारतो. घामाचा पैसा कुठे लावायचा, तर निदान तेवढी चौकशी आपण केलीच पाहिजे.