अभ्यास आणि निर्णय : मेंढा (लेखा) येथील अभ्यास-गटांचा इतिहास

पर्यावरणाच्या रक्षणासाठी स्वेच्छेने एकत्र आलेल्या गटांचा इतिहास लिहू जाता अभ्यासकाचे लक्ष प्रथम मोर्चे, पदयात्रा, निवेदने व ठराव यांकडे वळते. हे स्वाभाविकच होय; कारण वृत्तपत्रांतून आणि सरकारी दप्तरांतून नोंद राहते ती याच गोष्टींची. १९८७-८८ मध्ये नवापूर आणि कन्याकुमारी अशा दोन टोकांकडून गोव्यापर्यंत आलेल्या पश्चिम घाट बचाव पदयात्रेचा माग आज काढता येतो, तो त्यामुळेच. परंतु ज्या गटांनी मोर्चा काढला नाही, ठराव केला नाही, केवळ एकत्र बसून विचार केला, त्यांचे स्थान कसे ठरवावयाचे? गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या गावाच्या इतिहासाची पार्श्वभूमी जंगलावरील हक्काच्या स्थित्यंतराची आहे. जुन्या मध्य प्रांतात गावकऱ्यांना घरगुती गरजेपुरते लाकूड, गवत, बांबू, फळे इत्यादी जंगलातून घेण्याची मुभा होती. तिला ‘निस्तार’ असे म्हणत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी नष्ट झाली आणि त्यांच्या ताब्यातील जंगले सरकारकडे आली. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता. जमीनदारी गेली हे इष्टच झाले. तथापि जंगलाशी गावाचा संबंध यापुढे हक्काचा न राहता परवानगीचा झाला. एकीकडे गावकऱ्यास मोळीसाठी वनरक्षकाची मर्जी सांभाळावी लागे, तर दुसरीकडे त्याच जंगलातील बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्यास मिळत असे.

१९८० नंतरच्या वर्षांत इचमपल्ली व भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांच्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. मेंढ्याचे लोक त्यात सहभागी झाले. धरणे झाली नाहीत. आंदोलन ओसरले, म्हणजे गाव पुन्हा पूर्ववत होते, असा सामान्य अनुभव आहे. मेंढ्यात तसे झाले नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तेथे रूढ झाली. आणि आपणच सरकार असू, तर आपणांस काय ठाऊक असले पाहिजे, हा प्रश्न ओघानेच पुढे आला. अभ्यास-गटांचा उगम या प्रश्नात आहे.

अभ्यास-गटाची रचना साधी होती. ज्याला विषयात रस आहे त्याने यावे, नसेल त्याने येऊ नये. गावाबाहेरचा जाणकार, कार्यकर्ता किंवा अधिकारी यांनाही येथे मज्जाव नव्हता. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले अभ्यासक आणि देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील पुढारी येथे एकाच पातळीवर बसत. मात्र या गटास निर्णयाचा अधिकार नव्हता. निर्णय ग्रामसभेने घ्यावयाचा, तोही बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने. आणि ग्रामसभेत स्त्रियांचा सहभाग पुरुषांइतकाच आवश्यक मानलेला.

अभ्यास व निर्णय यांची ही फारकत वरवर पाहता गौण वाटते. वस्तुतः मेंढ्याच्या इतिहासाचे मर्म तीत आहे. अधिकार नसल्यामुळे गटात कोणास जिंकावयाचे नव्हते, म्हणून शंका मोकळेपणाने निघत. बाहेरच्या माणसास बोलता येत असे, पण गावावर आपले मत लादता येत नसे. मधाचे उदाहरण घ्यावे. पोळे जाळून मध काढण्याच्या रीतीने माश्या मरतात व पुढील वर्षाचे उत्पन्न बुडते. हा विषय अभ्यासास घेतल्यावर माश्या न मारता पोळ्याचा मधाचा भाग तेवढा काढण्याची पद्धत गावाने अवलंबिली. येथे पर्यावरणविषयक जाणीव उपदेशाने आली नाही. ती रोजच्या उपजीविकेच्या चिकित्सेतून आली.

या अभ्यासाची कसोटी पुढे कायद्याच्या क्षेत्रात लागली. १९९२ मध्ये राज्यशासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले, परंतु त्याचा रोख उजाड झालेल्या जंगलांवर होता. म्हणजे ज्या गावाने जंगल राखले, ते त्याच कारणाने योजनेबाहेर! मेंढ्याने ही विसंगती शासनासमोर मांडली व आपल्या चांगल्या जंगलाचा समावेश करून घेतला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा झाला, आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातील अशा अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. तथापि बांबू हे गौण वनोपज की लाकूड, हा वाद राहिलाच. १९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली होती, तर नव्या कायद्याने त्यास गौण वनोपज म्हटले होते. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

येथे कार्यकारणाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कायद्याने गाव जागे केले नाही. कायदा आला तेव्हा गाव कित्येक वर्षांच्या अभ्यासाने सिद्ध होते. ज्या गावांना हक्काचा कागद आधी मिळाला व अभ्यास मागाहून करावा लागला, त्यांची वाट अधिक अवघड ठरली तर नवल नाही.

अर्थात या निष्कर्षास मर्यादा आहेत. मेंढा हे लहान, बव्हंशी एकाच समाजाचे गाव. अनेक जातींच्या व जमिनीच्या विषम वाटणीच्या गावात सर्वसहमती म्हणजे बलवंतांची संमती ठरण्याचा धोका आहे. शिवाय सर्वसहमतीने झालेल्या निर्णयाच्या नोंदीत आधीचा मतभेद उरत नाही. कोण किती दिवस अडून बसला, कोण नाइलाजाने गप्प झाला, हे कागदावरून कळत नाही. म्हणून केवळ ठरावांच्या वह्यांवर विसंबणाऱ्या संशोधकास या गावाचा निम्माच इतिहास हाती लागेल. उरलेला निम्मा त्या बैठकांत बसलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या स्मरणात आहे. तो नोंदविण्याचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.