प्रकाशीय नाडीतरंगातील हृदयस्पंदनांचा शोध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

त्वचेवर प्रकाश टाकून नाडी टिपण्याची कल्पना जुनी आहे. १९३७ च्या सुमारास अमेरिकेतील सेंट लुईस विद्यापीठात अल्रिक हर्ट्झमन यांनी प्रकाशविद्युत घटाच्या साहाय्याने बोटांतील रक्ताचे भरणे-ओसरणे नोंदविले. ठोक्यासरशी ऊतींत रक्त वाढते, प्रकाश अधिक शोषला जातो व संवेदकापर्यंत कमी पोहोचतो, एवढेच यामागील तत्त्व होय. पुढे जपानमधील निहॉन कोहडेन कंपनीत ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून रक्तात मिसळलेल्या रंगद्रव्याचे मापन करीत असता नाडीची थरथर त्यांना अडथळा आणू लागली. तो अडथळा दूर करतानाच, ही थरथर धमनीतील रक्ताची असल्याने तिच्यावरून प्राणवायूचे प्रमाण काढता येईल, हे त्यांच्या ध्यानी आले. १९७४ मध्ये त्यांनी हे तत्त्व मांडले. पल्स ऑक्सिमीटर त्यातूनच घडला.

तथापि तरंग मिळणे आणि त्यातील ठोका ओळखणे या भिन्न गोष्टी होत. मुख्य शिखरामागून अनेकदा एक लहान उंचवटा येतो. यंत्राने तोही मोजल्यास ७२ ची नाडी १४४ दिसते.

ठोका ओळखण्याची शिस्त आधी हृदयविद्युत-आलेखात रुजली. १९८५ मध्ये जियापू पान व विलिस टॉम्पकिन्स यांनी झेड-८० या साध्या मायक्रोप्रोसेसरवर चालणारा अल्गोरिदम प्रसिद्ध केला. त्यात केवळ पूर्णांकी गणित होते. ही काटकसर हौसेची नव्हती. ठोका पडता पडताच निर्णय हवा होता.

विद्युत-आलेखाचे टोक अणकुचीदार असते, नाडीतरंगाचे बोथट. म्हणून २०१३ मध्ये मोहम्मद एल्गेंडी व सहकाऱ्यांनी सुचविलेली रीत लक्षणीय ठरते. ०.५ ते ८ हर्ट्झ या पट्ट्याबाहेरचा संकेत गाळायचा, ऋण भाग टाकून उरलेल्याचा वर्ग करायचा आणि दोन चल सरासऱ्या काढायच्या : एक शिखराच्या रुंदीएवढी, १११ मिलिसेकंदांची, दुसरी साधारण एका ठोक्याएवढी, ६६७ मिलिसेकंदांची. लहान सरासरी मोठीहून पुरेशी वर गेली की तेथे शिखर संभवते. १११ मिलिसेकंदांहून अरुंद उंचवटे बाद. चल सरासरीत नवा नमुना मिळवावा, जुना वजा करावा. खिडकी कितीही मोठी असली तरी श्रम वाढत नाहीत. मनगटी घड्याळाच्या इवल्या बॅटरीला हीच गोष्ट मोलाची. या रीतीची संवेदनशीलता ९९.८४ टक्के नोंदविली गेली.

या आकड्याने हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. मिनिटाला १२० पावले टाकणाऱ्या माणसाच्या हाताचा हेलकावा १ हर्ट्झचा असतो, म्हणजे नेमका नाडीच्याच पट्ट्यात. तो कोणतीही चाळणी अडवू शकत नाही. त्यासाठी त्वरणमापकाची साक्ष काढावी लागते, आणि वाचलेले श्रम तेथेच खर्ची पडतात.