रामपत्रीचा नमुना : वर्षावनातून हर्बेरियमपर्यंत

वाळवून, दाबून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या शास्त्रीय संग्रहास हर्बेरियम म्हणतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील असा संग्रह ‘बारो’ या आंतरराष्ट्रीय संकेताक्षराने ओळखला जातो. बडोद्याच्या परिसरात सदाहरित वर्षावन नाही. त्यामुळे सह्याद्रीतील वृक्षांची ओळख पटवताना तेथील अभ्यासकाला अशा नमुन्यांचा मोठा आधार असतो.

रामपत्री अथवा रानजायफळ, शास्त्रीय नाव मिरिस्टिका मलबारिका, हा पश्चिम घाटातील वृक्ष याचे उत्तम उदाहरण होय. जायफळाच्या या कुळातील वृक्षांच्या दलदली राया गोव्यातही आहेत. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराची राय त्यासाठी प्रसिद्ध आहे. रामपत्रीची नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. त्यामुळे एकाच झाडाची डहाळी पुरत नाही. दोन्ही झाडांचे नमुने आणि पक्व फळ मिळाले, तरच नोंद पूर्ण होते.

फुले उंचावर असल्याने आकडी लावलेली लांब काठी किंवा झाडावर चढणारा जाणकार लागतो. डहाळी वर्तमानपत्रात पसरून दाबयंत्रात ठेवतात आणि कागद वारंवार बदलतात. पावसाळी हवेत बुरशी धरते, पाने गळतात; म्हणून लगेच वाळवणे शक्य नसल्यास कागदाची पुडकी मद्यार्काने भिजवून बंद पिशवीत ठेवतात. जाड फळ कापून वेगळे वाळवतात. सालीला छेद दिल्यावर पाझरणारा तांबूस रस, बीजावरील पत्रीचा रंग, आधारमुळांची ठेवण या गोष्टी वाळल्यावर दिसत नाहीत. त्यांची नोंद जागेवरच करावी लागते.

नमुना सुमारे ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर बसवतात. उजव्या कोपऱ्यातील चिठ्ठीवर स्थळ, उंची, दिनांक, अधिवास, संग्राहकाचे नाव व क्रमांक असतो. चिठ्ठीविना नमुना म्हणजे केवळ वाळलेला पाला. जादा प्रती इतर संस्थांना पाठवण्याची प्रथा आहे. एका ठिकाणी कीड वा आग लागली, तरी दुसरीकडे पुरावा उरतो.

रामपत्री आंतरराष्ट्रीय लाल यादीत असुरक्षित गटात आहे. तिची पत्री मसाल्यासाठी व औषधासाठी गोळा केली जाते आणि बी वाळले की रुजण्याची शक्ती गमावते. म्हणून संग्राहकाने वनखात्याची परवानगी व देवराई राखणाऱ्या ग्रामस्थांची संमती घ्यावी, मोजक्याच डहाळ्या तोडाव्यात आणि रोपांना हात लावू नये. उद्या एखादी राय आटली, तर तेथे हा वृक्ष उभा होता याची साक्ष नमुना देईल. तिची जागा मात्र तो घेऊ शकणार नाही.