मधली तुकडी

अंबा नदी आमच्या गावापाशी येते तेव्हा ती नदी उरलेली नसते आणि पुरती खाडीही झालेली नसते. वर पालीला तिचं पाणी गोड. खाली धरमतरला त्याच पाण्याने तोंड धुतलं तर ओठ चुरचुरतात. मधल्या पट्ट्यात ती भरतीला डोंगराकडे वाहते आणि ओहोटीला समुद्राकडे. या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. इथल्या माणसाला विचारा, तुमच्या नदीत काय मिळतं? बोये मिळतात, कोलंबी मिळते, चिंबोऱ्या मिळतात, पण तो एकच नाव घेईल. जिताडा.

आमच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, म्हणून घरात तो जितारा. गोव्यात त्याला चणक म्हणतात, बंगाल्यांची भेटकी म्हणजे हाच आणि ऑस्ट्रेलियातला बारामुंडीही हाच. परदेशी गळवाले ज्या ‘बास’ माशांच्या गोष्टी रंगवून सांगतात, त्या नावाच्या गोतावळ्यात हा ‘एशियन सी बास’ म्हणून बसतो. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना जिताडा कुठे उभा असतो एवढं ठाऊक होतं, आणि ते पुरेसं होतं.

मी अकरा वर्षांचा असेन. आमचा जिल्हा तेव्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. नाव बदललं ते १९८१ मध्ये. कोजागरी होऊन चार दिवस झाले होते. रात्री अडीचला आजोबांनी मला हलवून उठवलं. घड्याळ आमच्या घरात नव्हतंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्यांच्या बोटांवर होतं. चतुर्थी, म्हणजे चाराचे पाऊणपट तीन. तीनला पाणी भरणार, मग ओहोटी लागणार. भातं पिकायला आली होती आणि शेतातलं पाणी काढायचं होतं, म्हणून बांधाची उघाडी त्या रात्री उघडायची होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडलं की शेतातलं पाणी खाडीत पडतं, आणि पाण्याबरोबर बारकी कोलंबी, बोयांची पिल्लं, सगळी पावसाळाभर शेतात पोसलेली फौज बाहेर येते. जिताडा त्या दाराच्या तोंडाशी, धारेच्या बाजूला, खांबाच्या आडोशाने उभा राहतो. तो पाठलाग करून दमत नाही. घास दारात यायची वाट बघतो.

बांधावर बोलायचं नाही, हा पहिला नियम. पाय आपटायचा नाही. बॅटरी पाण्यावर मारायची नाही. एकदाच, मला दाखवायला म्हणून, आजोबांनी क्षणभर बॅटरी लावली. खांबाच्या सावलीत दोन लाल निखारे दिसले. जिताड्याचे डोळे उजेडात तसेच चमकतात. मग अंधार आणि फक्त आवाज. जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट घास आत ओढतो, आणि पाण्यावर ‘पचाक’ असा आवाज होतो, कुणीतरी चिखलातून पाय उपसावा तसा. तो आवाज मी नंतर पन्नास वर्षांत कितीतरी वेळा ऐकला. अजूनही पोटात गोळा येतो.

गळाला जिवंत कोलंबी लावायची, तीही शेपटीजवळ टोचून, म्हणजे तिचे पाय हलते राहतात. गळाच्या वर वीतभर तार. ही तार कशाला ते मला कळेना. नायलॉनची दोरी नवीन होती, चांगली जाड होती. आजोबांच्या तरुणपणी सणाची दोरी असायची, ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवून टिकाऊ करायची. त्यापुढे ही नायलॉनची म्हणजे लोखंडच. मी माझ्या गळाला तार लावली नाही. आजोबांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत, हा त्यांचा शिकवायचा प्रकार.

माझ्या दोरीला ओढ बसली, ती रेड्याने दावं ओढावं तशी. पुढच्या क्षणी मासा धारेतून उडाला. चंद्राच्या उजेडात पांढरा, तोंड उघडं, डोकं डावी-उजवीकडे झटकत. आणि दोरी सैल. वर ओढून बघितली तर टोक सुरीने कापल्यासारखं साफ. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. डोकं झटकतो ते उगाच नाही.

तासाभराने आजोबांच्या गळाला लागला. त्यांनी हाताला धोतराचं फडकं गुंडाळलं आणि दोरीचं टोक माझ्याकडे दिलं. मी जीव खाऊन ओढायला लागलो. कानाशी त्यांचा आवाज, अगदी हळू: “सोर, सोर. त्याला वाटूं दे त्योच जिकला.” दोरी द्यायची, घ्यायची, परत द्यायची. बांधावर आणून टाकला तेव्हा तो माझ्या कमरेइतका होता. तोलला नाही. आमच्याकडे तराजू भाताला होता, माशाला नव्हता.

त्या माशाच्या पोटात गाभोळी निघाली नाही, हंगाम सरला होता. पण आजोबांचं एक निरीक्षण होतं. पावसाळ्यात पकडलेल्या मोठ्या जिताड्यात गाभोळी असते, लहानात कधीच नसते. त्यांनी त्याचा सिद्धांत करून ठेवला होता: “बारकं सगलं पोरगं, मोठं झालं का बाय.” आम्ही पोरं खिदळायचो. कॉलेजात गेल्यावर मी वाचलं की जिताडा खरोखरच आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. गोड्या-मचूळ पाण्यात वाढतो, अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात उतरतो, पिल्लं पावसाळ्याच्या भरत्यांबरोबर परत आत येतात. म्हणजे सर्वांत मोठा मासा पकडून मिरवणारा माणूस नेमकी अंडी घालणारी मादी उचलत असतो. हे समजल्यावर मी कमरेइतके जिताडे सोडून द्यायला लागलो असं म्हणालो तर ते खोटं होईल. थोडी लाज मात्र वाटायला लागली.

त्या सकाळी मासा घरी आणला तेव्हा आजी ओट्यावर बसली होती. तिने माशाकडे बघितलं आणि आजोबांना विचारलं, “कोनाला नेतांव?” कुणाकडे नेताय? मला तो प्रश्न समजलाच नाही. मासा घरी आणला तो खायला. पण आजीच्या लहानपणचा जिताडा कधी पकडणाऱ्याच्या घरी शिजला नव्हता.

तो खोताकडे जायचा. खारेपाटातली जमीन कसणारे आगरी, मालक खोत. पिकातला मोठा वाटा खंडीवारी खोताच्या कोठारात पडायचा, शिवाय वेठ, शिवाय परसातली भाजी, कोंबडी. हे आजोबा बोटं मोडत सांगायचे. खाडीतला मासा कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. तरी मोठा जिताडा काठीला बांधून दोघांनी खांद्यावर घ्यायचा आणि वाड्यावर नेऊन टाकायचा, हा रिवाज. आमचा खोत मासे खाणारा होता. न खाणारेही होते, त्यांच्या कुळांचं नशीब तेवढ्यापुरतं बरं. वाड्यावर मासा कापला की कधी मर्जी असली तर डोकं परत मिळायचं, पानात गुंडाळून. आजीला जिताडा माहीत होता तो डोक्यापुरता. त्याला मधे तुकड्या असतात हे तिने पाहिलं होतं, खाल्लं नव्हतं.

मग संप झाला. २७ ऑक्टोबर १९३३ला चरी गावच्या सभेत ठरलं की खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढारी. सुमारे २५ गावं त्यात उतरली आणि सहा वर्षं, १९३९ पर्यंत, शेतं पडीक राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. आजोबांचा चुलता त्या मोर्चात होता. परत आल्यावर वर्षभर त्याने मुंबईतल्या गर्दीखेरीज दुसरा विषय काढला नाही. त्याच १९३७ साली नारायण नागूंनी ‘कृषीवल’ काढला. आमच्या घरी वाचता कुणालाच येत नव्हतं, तरी शेजारच्या गावातून तो आणवला जायचा.

पुस्तकात हा संप एका परिच्छेदात येतो. आजीच्या तोंडून तो पोटातून यायचा. सहा वर्षं भात नाही म्हणजे काय, ते भात पिकवणाऱ्यालाच कळतं. पुरुष डोंगरात जाऊन लाकडं तोडायचे आणि बाया मोळ्या विकायच्या. बाकी सगळं खाडीवर. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे. दिवसा लाकूड, रात्री गळ नाहीतर पाग. निवट्या, चिंबोऱ्या, जे चिखलात हलतं ते घरात. आणि संपाच्या पहिल्याच थंडीत त्यांच्या गळाला मोठा जिताडा लागला.

आता तो वाड्यावर न्यायचा नव्हता. हा भाग सांगताना आजी दरवेळी थांबायची, सुपारी तोंडात टाकायची. लग्न होऊन ती नुकतीच घरात आलेली. सासूने मासा कापायला घेतला आणि तिचा हात चालेना. कापायचा कसा, हेच ठाऊक नव्हतं. तुकड्या केवढ्या करायच्या, त्या किती? शेवटी अंदाजाने केल्या. मडक्यात कालवण. कैरीचे दिवस नव्हते, चिंच घातली. तांदूळ नव्हता, म्हणून नुसतंच कालवण प्याले, आणि सर्वांच्या थाळ्यात मधल्या तुकड्या पडल्या, नव्या सुनेच्याही.

“मंग?” आम्ही विचारायचो.

“मंग काय. मधली तुकरी कापसासारकी. डोकीच बरी.”

एवढा मोठा संप, आणि त्यातून आजीने काढलेला निष्कर्ष हा. आम्हाला हसू यायचं, आजोबा चिडायचे. “खोताची बोली हाय ती तुझी,” म्हणायचे. म्हणजे तू खोताच्या बाजूची. पण आजी तिचं म्हणणं सोडायची नाही. पिढ्यान् पिढ्या खोताने कापूस खाल्ला, असं तिचं मत होतं.

पुढे १९३९ला कुळकायदा आला, १९४८ला सुधारून मोठा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ला कसणारा जमिनीचा मालक झाला. आमच्या नावावर शेत चढलं. मासा मात्र घरी येताना वाट चुकतच राहिला. खोत गेले तर साहेब आले. काम अडलं की खारेपाटातला माणूस पिशवीत जिताडा घालून कचेरीची पायरी चढायचा. कुठली कचेरी ते सांगत नाही. साहेबानंतर नंबर जावयाचा. म्हणून आजी त्या सकाळी विचारत होती, कोनाला नेतांव. आजोबांनी उत्तर दिलं नाही. विळी काढून तिच्यापुढे ठेवली.

ते शेत आता नाही. विकलं नाही, खाडीत गेलं. खारेपाट म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन. बाहेरचा बांध चिखलाच्या ढेपांचा, दरवर्षी अंगमेहनतीने राखायचा. पूर्वी त्याची जबाबदारी शिलोत्रीदारांकडे असायची, मग खारभूमीचे कायदे आले, १९४८चा आणि नंतर १९७९चा. बांध सर्वांचा झाला, म्हणजे कुणाचाच राहिला नाही. एका उधाणात खांड पडली. ती बुजवायला कोण, यावर कागद फिरत राहिले, आणि पुढच्या उधाणात खांड रुंद झाली. गावात काहीजण खाडीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटांना दोष देतात, काहीजण आपल्याच आळसाला. मला दोन्ही खरं वाटतं. सहा वर्षं उपाशी राहून मिळवलेल्या जमिनीत आमचा रता भात पिकायचा, तिथे आज तिवरं माजली आहेत. भरतीला पाणी आत येतं. गेल्या वर्षी मी बांधाच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर उभा होतो, आणि तिवरांच्या मुळांतून आवाज आला. पचाक.

जिताडा आता आजोबांच्या शेतात पोसतो.

घराशेजारचं तळं मात्र आहे. खारेपाटात घराचा जोता उंच करायला माती काढली की खड्डा होतो, तोच तळं. भातकापणीच्या वेळी शेतात अडकलेली जिताड्याची पिल्लं त्यात आणून सोडायची, ती तिथले बारके मासे खाऊन दोन-तीन वर्षांत तीन-चार किलोंची व्हायची. पिल्लं शेतात मिळेनाशी झाली तशी लोक विकतची आणू लागले. चेन्नईच्या केंद्र सरकारच्या मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली जिताड्याची पैदास हौदात करून दाखवली, त्यामुळे हे शक्य झालं. माझा पुतण्या पिशवीतून बोटभर पिल्लं आणतो आणि गोळ्या घालून वाढवतो. मासा देखणा होतो. मला त्याची चव जरा मवाळ लागते, पण हे वय बोलत असेल.

तळ्यातल्या माशाला तो गळ लावत नाही, जाळं टाकतो. कापून, साफ करून, डबा भरून मुंबईला पाठवतो. गिऱ्हाईकांना तुकड्या हव्या असतात, काटा कमी, मांस पांढरं. डोकं नको असतं. ते आमच्याकडे राहतं.

पोयनाडच्या किंवा पेणच्या बाजारात कधी जिताडा घेतलात, तर मावशी विचारील, डोकं टाकू का? टाकू देऊ नका. कल्ल्याची कड तेवढी जपून काढा, हात कापतो.