डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका

आरोग्याच्या बातम्या करताना एक वाक्य मला हमखास ऐकू येतं: "कावीळ नाही ना, मग लिव्हरला काय होणार?" याचं उत्तर इतिहासात आहे.

१९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना इंटरफेरॉन सापडलं. विषाणू शिरला की पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. शरीराचा हा जन्मजात पहारा. १९८६ मध्ये अमेरिकेत जुनाट हिपॅटायटिसच्या १० रुग्णांना हेच इंटरफेरॉन टोचलं, बऱ्याच जणांचं लिव्हर सुधारलं. गंमत म्हणजे त्या आजाराचा विषाणू, हिपॅटायटिस सी, ओळखला गेला १९८९ मध्ये!

मग शरीराचा पहारा कमी का पडतो? २००५ मध्ये उलगडा झाला. धोक्याची वर्दी पुढे देणारं पेशीतलं प्रथिनच हा विषाणू कापून टाकतो. दरोड्याआधी फोनची तार तोडावी, तसं. हिपॅटायटिस बी त्याहून वस्ताद. तो सुरुवातीला पहारेकऱ्याला चाहूलच लागू देत नाही. असे लपलेले विषाणू वर्षानुवर्षं मुक्काम करतात. पुढे त्यांना मारताना आपलीच प्रतिकारशक्ती लिव्हर जखमी करते.

आज सी गोळ्यांनी साधारण तीन महिन्यांत बरा होतो, अगदी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांत. बीवर लस आहे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. कधी रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल, एकच सुई अनेकांना वापरली गेली असेल, तर रक्त तपासून घ्या.